गाडीतली ऊब

ही घटना खरी आहे. मी रचलेली असती, तर तिला धड शेवट तरी दिला असता.

ती माझ्या जावयाच्या बाबतीत घडली. थोडी मी डोळ्यांनी पाहिली. बाकीची त्याने मला सांगितली, तीही एकदाच. मला ती नीट सांगता येईल की नाही, देव जाणे.

अमावास्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. जानेवारीचा दुसरा आठवडा होता आणि दुपारचे दोन वाजले होते. रस्त्याच्या एका बाजूला दवाखाना, समोरच्या बाजूला जावयाचं वर्कशॉप. आमचं गाव उंच डोंगरात, म्हणून मधे गुडघाभर बर्फ.

जावई गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतो. त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे टेस्टर म्हणतात.

कारण त्याचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. दिवा समोर लखलखत असला, तरी हा तारेला टेस्ट लॅम्प लावून बघणार. स्वतःच्या लग्नात हा नवरदेव हॉलमधला माईक उघडून बसला होता. त्याचा वस्ताद म्हणतो, "खात्री करून घेतल्याशिवाय हा जांभईसुद्धा देत नाही."

त्याच वस्तादाने त्याला एक सवय लावली होती. एखाद्या लाइनवर हात घालायचा, तर आधी तिचा फ्यूज काढायचा आणि गालात ठेवायचा. टेबलावर ठेवला, तर कोणीतरी शहाणा तो परत बसवतो आणि आपली बोटं तारेत असताना करंट सोडतो.

"गालातला फ्यूज कोण काढणार?" वस्ताद म्हणायचा. "बायकोसुद्धा नाही."

तर त्या दुपारी माझी नात जन्मली. साडेसात महिन्यांची. वजन दीड किलोलाही कमी.

ती रडली नाही. नुसती कण्हली.

डॉक्टरांनी टेस्टरला बाहेर बोलावलं. मी दारातच उभा होतो.

"हिला उबेच्या काचेच्या पेटीत ठेवायला हवं. ती आपल्याकडे नाही. घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. अडीच तास."

"नेऊ या."

"गाडी आतून उबदार असेल तरच. एवढ्या गारठ्यात एवढं बाळ..." डॉक्टर थांबले. "वाटेत गार पडलं तर श्वास थांबेल."

"आणि इथेच ठेवलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"इथे रात्र निघणार नाही."

तेवढ्यात दवाखान्याच्या व्हॅनचा ड्रायव्हर धावत आला. त्याचा चेहराच सांगत होता.

"टेस्टरभाऊ, गाडी सुरू आहे. पण हीटरचा पंखा फिरत नाही. सकाळपासून."

दुसरी गाडी पहाटेच एका पेशंटला घेऊन गेली होती. गावात होत्या नव्हत्या त्या गाड्या उघड्या जीप आणि ट्रॅक्टर.

टेस्टर तडक वळला. रस्ता ओलांडून पळाला.

व्हॅन वर्कशॉपच्या दाराशी आणली. इंजिन तापलेलं होतं. उष्णता तिथे खच्चून भरलेली, पण ती आत फेकणारा पंखाच मेलेला. त्याच्याशिवाय समोरची काचही दहा मिनिटांत गोठणार होती.

त्याने नॉब फिरवला. एक, दोन, तीन, चार. काही नाही.

फ्यूज काढून पाहिला. ठणठणीत.

डाव्या बाजूला, पुढच्या सीटसमोर पायापाशी पंख्याचा काळा डबा असतो. तिथला प्लग काढून टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प पेटला. चारही नंबरांवर करंट येत होता. अर्थची वायर तपासली. तीही चांगली.

म्हणजे मोटर.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्याने डब्यावर टकटक केलं. पंखा एकदा फिरला, उचकी लागल्यासारखा. आणि थांबला.

म्हणजे मोटरीला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेले. मोटर काढायची, कार्बन बदलायचे, परत बसवायची. एरवी तासाभराचं काम.

"किती वेळ?" समोरच्या पायऱ्यांवरून सिस्टर ओरडली.

"वीस मिनिटं!"

"दहा!"

त्याने फ्यूज काढला, गालात ठेवला. तीन स्क्रू खोलले. मोटर खाली ओढून घेतली आणि आतल्या टेबलावर नेली. वस्ताद जेवायला घरी गेला होता. मदतीला कोणी नव्हतं.

जुन्या ड्रॉवरमधले कार्बन मोठे निघाले. ते त्याने कानशीने घासले. बोटं गारठ्याने बधिर झाली होती, म्हणून बोटंही घासली गेली. कार्बन बसले. मोटर टेबलावरच्या बॅटरीला लावली.

फिरली!

त्याच क्षणी सिस्टरची हाक आली.

तशी हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही.

"बाळाचे बाबा! निळी पडतीय! आता चला!"

त्यानंतर गाडी निघेपर्यंतचं मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं. टेस्टर धावत व्हॅनपाशी आला. दार उघडं होतं. तो सीटसमोर वाकला, त्याचे हात डॅशबोर्डखाली हलले. मग त्याने चावी फिरवली, नॉब चारवर नेला.

पंखा घुमला. एवढ्या जोरात, की मला बंद खिडकीतून ऐकू आला.

सिस्टर बाळाला स्वेटरच्या आत, छातीशी धरून पुढच्याच सीटवर मधे बसली. ड्रायव्हर उजवीकडे, टेस्टर डाव्या दाराशी. गाडी निघाली.

खाटेवरून लेक म्हणाली, "बाबा, पंखा चालू झाला ना?"

"झाला ग बाई, झाला," मी म्हणालो.

इथून पुढचं जावयाने सांगितलेलं. घाट सुरू झाला.

बाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही. आत मात्र छान ऊब. काच स्वच्छ. ड्रायव्हरला कंठ फुटला.

"टेस्टरभाऊ, हातात जादू आहे तुमच्या. माझ्या घरचा फ्रीज पण बघा एकदा. बायको म्हणते, त्यात ठेवलेलं दूध तापतं."

सिस्टर हसली. "गाडीकडे लक्ष दे. दुधाचं नंतर बघू."

"रंग कसा आहे?" टेस्टरने विचारलं.

"आता गुलाबी. बोलू नका तिच्याशी. झोपू दे."

टेस्टरने पहिल्यांदा जबडा सैल सोडला. वर्कशॉपपासून दात घट्ट आवळलेले होते.

आणि त्याच्या जिभेला काहीतरी लागलं...

चपटं. टोकदार. नखाएवढं.

त्याने ते तळहातावर थुंकलं.

फ्यूज.

हीटरचा फ्यूज त्याच्या गालात होता.

समोर पंखा घुमत होता.

त्याने मनाला समजावलं. करंटला आडवाट सापडते कधीकधी. कुठल्यातरी दुसऱ्या लाइनमधून शिरला असेल. आयुष्यात असे दोन-तीन प्रकार त्याने पाहिले होते. त्याने फ्यूज गुपचूप खिशात टाकला. कोणाला बोलला नाही.

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

टक...

पायाच्या घोट्याला काहीतरी लागलं.

गाडी पुढच्या वळणावर कलली. पुन्हा... टक.

बारीकसं. लोंबकळणारं. प्रत्येक वळणावर येऊन घोट्याला शिवणारं.

त्याने खाली पाहिलं नाही. त्याला बघायची गरज नव्हती. वीस वर्षं जे तो बोटांनी ओळखत आला होता, ते घोट्याला कळलं. तो मोटरचा प्लग होता. दोन वायरींचा.

सुटा. हवेत लोंबकळणारा.

पंखा चारवर घुमत होता.

तो आठवू लागला. आपण मोटर आत सरकवली. तीन स्क्रू पिळले. प्लग दाबला, तो कट् असा वाजला... वाजला ना? ती आठवण या दुपारची होती, की आजवर बसवलेल्या हजार मोटरींची?

त्याच्या कपाळाला घाम फुटला.

"बघा, बाबांना उकडायला लागलं," ड्रायव्हर म्हणाला.

खिंडीजवळ दोन मिनिटं मोबाइलला रेंज येते. तिथे टेस्टरचा फोन वाजला.

वस्ताद होता. नेहमीसारखा ओरडून बोलत होता. तो तसाच बोलतो, कारण त्याला स्वतःला कमी ऐकू येतं.

"अरे मुलगी झाली म्हणे! अभिनंदन रे!"

"हो वस्ताद."

"दवाखान्याच्या गाडीतून नेताय ना? पण मग ती हीटरची मोटर घेऊन का नाही गेलास, शहाण्या?"

टेस्टरने फोन कानाशी आणखी दाबला.

"इथे टेबलावर पडलीय! नवे कार्बन घातलेली! सासुरवाडीला निघालास आणि नवरीच विसरलास की रे! हॅलो? पोर गारठेल ना! आहात कुठे?"

फोन तुटला. रेंज गेली.

टेस्टरने फोन मांडीवर ठेवला.

त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर तो काळा डबा होता. त्या डब्यात काही नव्हतं. मोटर नाही, पंखा नाही. खाली उघडं भोक, शेजारी लोंबणारा प्लग. फ्यूज खिशात.

आणि वरच्या जाळीतून उबदार वारा येत होता. सरळ त्याच्या मुलीवर.

"काय म्हणाले वस्ताद?" सिस्टरने विचारलं.

"अभिनंदन म्हणाले."

सांगितलं तर काय होईल? ड्रायव्हर गाडी थांबवेल. खाली वाकून बघेल. आणि बघितल्यावर...

टेस्टरने डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदा त्याने कोणाची तरी मनधरणी केली. कोणाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चालू राहा. तू कोणी का असेनास. फक्त एक तास चालू राहा.

पण सवय माणसाच्या हाडात असते.

उतार लागला तशी त्याची बोटं वळवळू लागली. एकदा फक्त चाचपून बघू. वस्तादाचं चुकत असेल. टेबलावर दुसरीच मोटर असेल. आपली आत असेल, नक्की असेल. हात लावला की कळेल. मग शांत बसता येईल.

त्याने हात मांडीखाली दाबून धरला.

पाच मिनिटं धरला. दहा मिनिटं धरला.

मग तो हात आपोआप खाली गेला. डब्याखालच्या भोकात. मनगटापर्यंत.

आत काही नव्हतं.

पाती नव्हती. फिरणारं काहीच नव्हतं. वारासुद्धा नव्हता. फक्त ऊब होती... ओलसर. झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर तळहात धरावा, तशी.

ती येत होती. आणि जात होती.

येत होती... आणि जात होती.

मग त्या उबेला कळलं, की कोणीतरी हात घातलाय.

ऊब थांबली.

वर पंख्याचा आवाज थांबला. गाडीत एकदम शांत झालं. एवढं शांत, की वायपर ऐकू आला.

"अरे, पंखा..." ड्रायव्हर म्हणाला.

"बाळा," सिस्टर म्हणाली. "ए बाळा. श्वास घे. घे राणी."

तिने स्वेटर उघडला. ती बोटाने त्या इवल्या तळव्याला टिचक्या मारत होती.

"श्वास घेत नाहीये. बाबा! श्वास घेत नाहीये!"

टेस्टरने हात ओढून काढला. जळल्यासारखा.

"चुकलो," तो म्हणाला. मोठ्याने. "चुकलो. नाही बघत. पुन्हा नाही बघणार. चालू हो. पाया पडतो, चालू हो!"

"मला काय सांगताय, मी करतेय ना प्रयत्न!" सिस्टर रडत ओरडली.

काचेच्या कडेने बर्फाची जाळी आत सरकू लागली.

एक... दोन... तीन... टेस्टर मोजत होता. अकरापर्यंत त्याने मोजलं.

मग जाळीतून एक सुस्कारा आला.

आणि सिस्टरच्या स्वेटरमधून दुसरा.

पंखा घुमू लागला. पोरगी कण्हली. सिस्टरने डोकं मागे टेकवलं आणि ती हुंदके देत हसत राहिली.

"काय झालं होतं हो पंख्याला?" ड्रायव्हरने नॉबकडे हात नेला.

"हात लावू नको!"

असा आवाज टेस्टरच्या घशातून कधी निघाला नव्हता. ड्रायव्हरने पुढचा तासभर स्टिअरिंगवरून बोटसुद्धा उचललं नाही. टेस्टरने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि पाय सीटवर घेतले. घोट्याला ते टक पुन्हा लागू नये म्हणून.

दिवेलागणीच्या सुमाराला हॉस्पिटल आलं. सिस्टर बाळाला घेऊन धावत आत गेली. काचेचं दार मिटलं.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खाली उतरला.

पंखा चालूच होता.

ड्रायव्हरने वळून गाडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या मुठीकडे.

"टेस्टरभाऊ... चावी माझ्या हातात आहे."

"माहीत आहे."

"मग पंखा कशावर चाललाय?"

"गप्प उभा राहा."

दोघे बर्फात उभे राहिले. किती वेळ, त्यांना सांगता येत नाही. ड्रायव्हर थरथरत होता. ते थंडीनेच, असं तो आजही म्हणतो.

बऱ्याच वेळाने सिस्टर दारात आली.

"पेटीत ठेवलीय! स्वतःहून श्वास घेतेय!"

तेव्हा पंखा मंद होत गेला. मोटर थांबते तसा, हळूहळू. शेवटी नुसती एक सळसळ... आणि बंद.

ड्रायव्हरने पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. तो आता ट्रॅक्टर चालवतो.

माझी नात जगली. दीड महिन्याने घरी आली. आज सहा वर्षांची आहे, आणि तिची बडबड ऐकून घरात कोणाला पुस्तक म्हणून वाचता येत नाही. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा. मी दोघांचेही आभार मानतो.

पण टेस्टर आता टेस्टर उरला नाही.

त्या व्हॅनचं काम आलं, की तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. दिवे बघायचा, बॅटरी बघायचा. डाव्या सीटसमोर मात्र वाकायचा नाही. सहा हिवाळे त्या गाडीचा हीटर एकदाही बिघडला नाही. मोटर वर्कशॉपच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. मी स्वतः ती हातात घेऊन पाहिली आहे. जड आहे चांगली.

"बसवून टाक की एकदाची," वस्ताद म्हणायचा.

"बसवू."

"कधी?"

"बसवू म्हटलं ना."

या वर्षी दवाखान्याने नवी गाडी घेतली. जुनी भंगारात निघाली. ते कळताच जावई जेवणावरून उठून गेला आणि ती व्हॅन घेऊन आला. लेकीने विचारलं, "अहो, हे धूड कशाला?" तो म्हणाला, "सुट्या भागांसाठी." त्याने तिचा एकही भाग काढलेला नाही. बॅटरी मात्र पहिल्याच दिवशी काढली.

ती आमच्या अंगणात उभी असते. मी पहाटे उठतो, तेव्हा खिडकीतून दिसते. सगळी गाडी बर्फाने झाकलेली असते. फक्त पुढच्या काचेवर, डाव्या बाजूला, तळहाताएवढी जागा ओली असते.

आतून ओली. ऊन यायच्या आधीच.

मागच्या आठवड्यात वस्ताद घरी आला होता. जावई मागच्या खोलीत होता. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. वस्ताद म्हणाला, "आजोबा, याचं डोकं फिरलंय. मीच बघतो आत काय आहे ते." मी त्याला अडवायला हवं होतं. मला लोकांना अडवता येत नाही. माझे शब्द जुळेपर्यंत त्याने व्हॅनचं डावं दार उघडलं, गुडघे टेकले आणि टॉर्च लावून डब्याखाली हात घातला.

घरात नात जोरात हसत होती.

हसणं मधेच तुटलं.

जावई कसा बाहेर आला, मला दिसलंच नाही. तो ओरडला नाही. त्याने वस्तादाला मागून धरलं आणि बर्फात ओढून काढलं. आपल्या वस्तादाला! मग दोघेही तसेच पडून घराकडे बघत राहिले.

आतून नातीचा ठसका ऐकू आला. मग लेकीचा आवाज, "पाणी पिताना हसायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला?"

पाण्याचाच ठसका असेल. मुलांना लागतो.

वस्तादाने काय पाहिलं, ते तो सांगत नाही. त्याने जाताना आपला टॉर्चही नेला नाही.

त्या दिवसापासून व्हॅनला कुलूप आहे. आणि जावई जेवायला बसतो, तेव्हा ताट उचलून खिडकीसमोर बसतो. एक डोळा गाडीवर, एक नातीवर. घास तोंडाशी नेतो आणि थांबतो... तिची छाती हलेपर्यंत.

परवा माझ्या लक्षात आलं, की मीही थांबतो.